मिलोची भाकर आणि हक्काची मजुरी

श्रीमंत देश गरीब देशांच्या विकासाला मदत करतात, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. देणारा कोण, घेणारा कोण आणि 'मदत' म्हणजे नेमके काय, ह्याची चिकित्सा अर्थशास्त्रज्ञ आकड्यांतून करतात. दलित वाचकाने ती आपल्या अनुभवातून करायला हवी. दान घेणे म्हणजे काय, हे ह्या देशात आमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? ज्यांच्या वाडवडिलांनी येसकर पाळीची भाकर घरोघर फिरून गोळा केली, त्यांना भाकर किती वरून टाकली जाते हे चांगले कळते.

१९१५ साली दोन लेखन पुरी झाली. पुण्याकडे त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचे 'गावगाडा' प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध सादर केला. आत्र्यांनी बलुतेदारीची बारीकसारीक नोंद केली, पण ती अधिकाऱ्याच्या खुर्चीवरून. बाबासाहेबांनी मात्र इंग्लंडने हिंदुस्थानला काय दिले आणि हिंदुस्थानकडून काय नेले, ह्याचा जमाखर्च मांडला. इंग्रजी राज्य हे उपकार आहेत असे म्हणणारे तेव्हा आपल्याकडेही कमी नव्हते. बाबासाहेबांनी त्या उपकारांची वही मागितली आणि तीत इंग्लंडच्या बाजूला जवळजवळ शून्य निघाले. उपकाराची भाषा कानावर आली की वही मागायची, ही आमच्या विचाराची पहिली रीत आहे असे मी मानतो.

गावातही हीच वही कोणी उघडली नव्हती. महाराने वर्षभर गावाची राखण करायची, मेलेली ढोरे ओढायची, सांगावा घेऊन मैलोन्‌मैल जायचे आणि खळ्यावर चार पायल्या पदरात पडल्या की त्याला गावाची कृपा म्हणायचे. श्रमाच्या मोबदल्याला भिक्षेचे नाव देणे ही गावगाड्याची खरी हातचलाखी होती. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा मध्यमवर्गीय वाचक त्यातील दैन्याने हळहळला. त्या नावात दडलेला सवाल फार थोड्यांनी ऐकला. बलुतं ही मजुरी की भीक? श्रीमंत राष्ट्रांच्या मदतीलाही मला हाच सवाल विचारायचा आहे.

अमेरिकेचा 'पीएल-४८०' म्हणून ओळखला जाणारा कायदा १९५४ चा. भारताशी त्याखालचा पहिला करार १९५६ साली झाला. भुकेल्या जगाला अन्न, असा त्याचा गाजावाजा झाला. पण आपल्याकडील जादा धान्याची विल्हेवाट लावणे आणि अमेरिकी शेतमालाला परदेशी बाजार मिळवून देणे, हे त्या कायद्याचे उघड उद्देश होते. १९६५ नंतरच्या दुष्काळात भारताची गरज वाढली तसा दोरही आखडला गेला. व्हिएतनामवरील युद्धावर भारताने टीका केली, हे अध्यक्ष जॉन्सन ह्यांना रुचले नव्हते. गव्हाची जहाजे थोड्या थोड्या मुदतीने, हात राखून सोडली जाऊ लागली. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेही मदत देणाऱ्यांच्या दडपणाखाली. धान्याच्या किमतीपोटी भारतात साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटी रुपये अमेरिकेने १९७४ साली भारताला परत केले. ज्याला आपण फुकटचा गहू म्हणत होतो, त्याचे एवढे रुपये अमेरिकेच्या नावावर जमा होते. येसकराला पाटलाच्या वाड्यावरून भाकर मिळे. पण पाटलाविरुद्ध तोंड उघडले तर दुसऱ्या दिवशी दार बंद. राष्ट्रांच्या व्यवहारातही दाराची कडी देणाऱ्याच्याच हाती राहिली.

मराठवाड्याच्या स्मरणात मात्र गव्हापेक्षा मिलो अधिक आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली ही लाल, परदेशी ज्वारी. अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी पिकते. आमच्या भोकरदन तालुक्यात आजही म्हातारी माणसे आयुष्याचे दोन भाग करून बोलतात : मिलोच्या आधीचे आणि मिलोच्या नंतरचे. ह्या धान्याने माणसे जगली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण तीच भाकर खाणारे सगळे एका पंगतीला बसले होते काय? त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. सातासमुद्रापलीकडून धान्य येऊ शकले, पण गावातल्या विहिरीचे पाणी विहिरीपासून आमच्या वस्तीपर्यंत येऊ शकले नाही. बाहेरची मदत गावाच्या वेशीपर्यंत येते, वेशीच्या आत ती जातीच्या उतरंडीनेच खाली झिरपते. जागतिक दारिद्र्यावर लिहिणारे विद्वान ह्या वेशीपाशी नेमके थांबतात.

पण १९७२ ने दुसरी एक गोष्टही दिली आणि माझ्या मते ती मिलोपेक्षा मोठी आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या लाखो मजुरांनी मोर्चे काढले, १९७३ साली संप केले. मेहेरबानीची कामे नकोत, कामाचा हक्क द्या, ही मागणी पुढे आली. वि. स. पागे ह्यांनी कल्पिलेली रोजगार हमी योजना ह्या रेट्याने राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी पैसा कोठून आला? १९७५ च्या कायद्याने पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील ह्यांच्यावर व्यवसाय कर बसला आणि तेवढीच भर सरकारने घालायची ठरली. म्हणजे मुंबईच्या कचेरीतला कारकून दरमहा आपल्या पगारातून भोकरदनच्या मजुराच्या मजुरीला हातभार लावू लागला. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. कारकुनाला दातृत्वाचा मान मिळाला नाही आणि मजुरिणीला कोणापुढे वाकावे लागले नाही. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर भत्ता, असे कायद्याने लिहून ठेवले. हजेरीपटात चोरी झाली, भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडला, १९९० नंतर योजनेचा पैसा खाजगी फळबागांकडेही वळला, हे सारे खरे. तरीही श्रीमंतांनी गरिबांसाठी काय करावे, ह्याचा एक नमुना ह्या महाराष्ट्रात घडला. कर, कायदा आणि मागणी करण्याचा अधिकार ही त्याची तीन अंगे होती.

आता जगाकडे वळू. श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्का गरीब देशांसाठी द्यावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ ऑक्टोबर १९७० रोजी केला. मुदत त्याच दशकाच्या मध्याची होती. अर्धे शतक उलटले. २०१५ साली जगाने सतरा शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. २०३० पर्यंत दारिद्र्य नाहीसे करणे हे त्यांतले पहिले. आणि २०२४ साली ०.७ चा शब्द पाळणारे देश किती? नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग, एवढे चार. दात्या राष्ट्रांची सरासरी ०.३३ टक्क्यांवर थांबली. देणगीदार देशाने स्वतःच्या घरात आलेल्या निर्वासितांवर केलेला काही खर्चही ह्याच हिशेबात धरला जातो. पुढे १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची 'युसेड' ही संस्था बंद झाली. ज्या दूरच्या देशांतील दवाखाने तिच्या औषधांवर चालत होते, तेथील रोग्याने कोणत्या कचेरीत अर्ज करायचा? त्याच्याजवळ हजेरीपट नाही, कायदा नाही, भत्त्याची तरतूद नाही. मेहेरबानी आटली की जाब विचारण्याची सोय नसते. जगाच्या पातळीवर अजून मिलोच वाटली जाते आहे; रोजगार हमी तेथे यायची आहे.

'पण चांगली कामेही झाली ना?' असे कोणी विचारील. झाली. आमच्याच जिल्ह्यातील कडवंचीचे उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात जर्मन साहाय्याच्या पाणलोट कार्यक्रमातून तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, पुढे द्राक्षबागा आणि शेततळी उभी राहिली. ही खोटी स्तुती नाही. पण पाणलोटाच्या ह्या पद्धतीत चराईबंदी येते आणि ती बांधावरच्या बागाइतदाराला फारशी बोचत नाही. ती बोचते गायरानावर चार शेळ्या राखणाऱ्या भूमिहीन बाईला. मराठवाड्यात गायरान म्हणजे दलितांच्या जमिनीच्या लढ्याचे मैदान. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून त्याचा इतिहास आहे. २०१८ साली जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जातून कृषी संजीवनी प्रकल्प आला. जालन्यासह मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते. ठिबक आणि शेततळे सातबारावाल्याला, भूमिहीनाच्या वाट्याला शेळीपालन! एका मदतीने शेळीचे रान बंद करायचे आणि दुसरीने शेळी द्यायची, ह्याला कोणता विकास म्हणावे? शिवाय ते कर्ज आहे. त्याची फेड ज्या तिजोरीतून होईल, तीत मिरची तोडणारणीने काडेपेटीवर भरलेला करही आहे.

पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार दूरवर माहीत आहे. पावसाळ्यात येथे हिरव्या मिरचीच्या गाड्या भरतात, माल परराज्यांत आणि परदेशातही जातो. दराची चर्चा होते ती शेतकरी आणि व्यापारी ह्यांच्यात. जिच्या बोटांची दिवसभर आग होते, तिची मजुरी त्या चर्चेत नसते. सरकारी कागदावर तिचे नाव येते ते 'लाभार्थी' म्हणून. हा शब्द आपल्या समीक्षेने हातात धरून पाहायला हवा. जिच्या श्रमावर बाजार उभा, तिला लाभ मागणारी म्हणायचे, ही बलुत्याचीच जुनी हातचलाखी आहे.

ह्यावरून परकीय मदत झुगारा असा निष्कर्ष कोणी काढू नये. स्वदेशाभिमानाचे हे सोवळे आम्हाला परवडणारे नाही. गावातले दार बंद असताना पुष्कळदा बाहेरचेच दार उघडले आहे. १९१३ साली बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. ती करार करून घेतलेली होती, दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याच्या अटीची. त्या मदतीने हिशेब मागणारा माणूस घडवला. आणि १९१७ साली तोच माणूस नोकरीसाठी बडोद्यात आला तेव्हा त्याला राहायला खोली मिळाली नाही. मदत माणसाला कोठवर नेते आणि समाज त्याला कोठे अडवतो, हे दोन्ही ह्या एका उदाहरणात आहे. म्हणून माझी कसोटी साधी आहे. मदत घेतल्यावर माणूस हिशेब मागायला अधिक समर्थ झाला की अधिक लाचार?

आमच्या आत्मकथनांनी भुकेचे जे चित्र रेखाटले त्याला मराठीत तोड नाही. पण आलेली भाकर कोणाच्या कोठारातून, कोणत्या अटीवर आली आणि वेशीच्या आत ती कोणी वाटली, ह्याचा माग आमच्या समीक्षेने पुरेसा घेतलेला नाही. भुकेवर हळहळणारा वाचक आम्हाला पुष्कळ मिळाला. वही उघडून बसणारा वाचक आता आम्हीच घडवायचा आहे. मिलो खाल्लेली पिढी आता थोडी उरली आहे. तिच्याकडून करुण कहाण्या पुष्कळ ऐकून झाल्या. आता तिच्याकडून जमाखर्च लिहून घ्यावा.