रस्ट भाषेतील नामपथ : एका सुधारणेचे परीक्षण

नैसर्गिक भाषेचे व्याकरण प्रचारातून वर्णिले जाते. संगणकभाषेचे मात्र आधी ठरते व प्रचार त्यामागून येतो. म्हणून तेथील नियमाचा दोष प्रत्येक लेखकास भोगावा लागतो. रस्ट भाषेतील नामपथांची व्यवस्था हे त्याचे बोधप्रद उदाहरण होय.

रस्टमधील संपूर्ण संकलन-घटकास ‘क्रेट’ व त्याच्या विभागांस ‘मॉड्यूल’ म्हणतात. विभागांची नावे दुहेरी अपूर्णविरामाने जोडून इष्ट नावापर्यंत जाणारा क्रम तो नामपथ. 2015 च्या आवृत्तीत ‘यूज’ विधानातील पथ क्रेटच्या मुळापासून मोजला जाई, तर फंक्शनमधील पथ चालू मॉड्यूलपासून. त्यामुळे ‘एसटीडी’ या प्रमाण ग्रंथालयाच्या नावाने आरंभ होणारा पथ मूळ मॉड्यूलमधील फंक्शनात चाले. तेच फंक्शन उपविभागात हलविताच तो अग्राह्य ठरे. नियम सुसंगत होता. परंतु एकाच लेखनरूपास दोन अर्थ होते, आणि ते रूपावरून ओळखू येत नसत.

2018 च्या आवृत्तीने हा दोष दूर केला. क्रेटचे मूळ ‘क्रेट’ या शब्दानेच सांगावयाचे. ‘सेल्फ’ म्हणजे चालू मॉड्यूल, ‘सुपर’ म्हणजे त्याचे जनक मॉड्यूल. पहिला शब्द निरपेक्ष, उरलेले दोन स्थलसापेक्ष दर्शक होत. जानेवारी 2019 मधील 1.32 या प्रकाशनाने नव्या आवृत्तीत ‘यूज’मधील व इतरत्रचे पथ एका नियमाखाली आणले.

तथापि या एकरूपतेचे मूल्य वाचकास द्यावे लागते. पथाच्या आरंभी वरीलपैकी एकही शब्द नसेल, तर पहिले नाव स्थानिक की बाह्य क्रेटचे, हे केवळ रूपावरून कळत नाही. ‘यूज’मध्ये दोन्ही अर्थ संभवत असल्यास संकलक विधान नाकारतो, आरंभी दुहेरी अपूर्णविराम लिहिल्यास बाह्य क्रेटच अभिप्रेत ठरते. हे चिन्ह ऐच्छिक ठेवल्याने लेखन सुकर झाले, वाचन तितके झाले नाही.

याहून खोल गैरसमज सुधारणेनंतरही उरतो. नवी फाइल फोल्डरमध्ये ठेवल्याने ती क्रेटचा भाग होत नाही. ‘मॉड’ घोषणाच तिला विभागवृक्षात स्थान देते. ‘यूज’ कोठूनही काही आणीत नाही; उपलब्ध नावास चालू मॉड्यूलमध्ये जवळचे रूप देते, इतकेच. म्हणून मराठीत त्यास ‘आयात’ म्हणणे भ्रामक होय. ‘नामबंध’ ही संज्ञा अधिक यथार्थ ठरेल. कारण परिभाषाच चुकली, तर शुद्ध नियमही विद्यार्थ्यास लहरी भासतो.