शनिवारी थांबलेला घाणा

कीर्तनकाराने नामस्मरणाला मोबाइलच्या रिचार्जची उपमा दिली की आमच्या सुप्यात हमखास हशा पिकतो. यंत्रातून अध्यात्म काढण्याची ही रीत ज्यू परंपरेतही आहे. तिचा गाजलेला नमुना सादिगोरा गावचे हसिदी गुरू अब्राहम याकोव (1819–1883) यांच्या नावावर सांगितला जातो. मार्टिन बूबर यांनी संकलित केलेल्या हसिदी कथांत तो वाचायला मिळतो. माणसाने बनवलेल्या वस्तूही काही शिकवतात, असे गुरू म्हणतात. मग आगगाडी काय शिकवते, असे शिष्य विचारतो. क्षणाचा उशीर सगळे घालवतो, हे आगगाडीकडून शिकावे. शब्द न् शब्द मोजला जातो, हे तारेकडून. आणि इथले बोलणे तिथे ऐकू जाते, हे टेलिफोनकडून.

कथा सुरेख आहे, पण माझे तिच्यावर समाधान होत नाही. तारेचा दृष्टान्त तारेच्या दरावर उभा आहे. आपल्याकडे जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली. महिन्याचे पैसे भरून हवे तितके बोलणाऱ्या नातवाला आता आधी तार म्हणजे काय ते सांगावे लागते. दुसरे असे की, देव ऐकतो हे गुरूंना टेलिफोनच्या आधीच ठाऊक होते. यंत्र इथे केवळ साक्षीला बोलावले आहे. ते वापरणाऱ्याच्या दिवसात काहीच बदलत नाही.

याहून वजनदार उदाहरण कोकणात सापडते. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत बेने इस्रायल पिढ्यान् पिढ्या तेल गाळत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1897 मध्ये लिहिलेला (आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापलेला) या समाजाचा इतिहास हा त्याबाबतचा मोठा आधार. या नावात देव नाही की शास्त्र नाही. एक वार आहे आणि एक धंदा आहे.

शास्त्र दूर, दुसरीकडे होते. शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांचे 39 प्रकार मिश्ना या ग्रंथात दिले आहेत. पिळून रस वा तेल काढणे पुढच्या शास्त्रकारांनी त्यांतल्या मळणीत धरले. पण त्याच ग्रंथात एक मोकळीकही आहे: शब्बाथ लागण्यापूर्वी तेलाच्या दाबयंत्रावर तुळई ठेवून दिली, तर तेल रात्रभर आपोआप गळत राहिले तरी चालते. आजचे ज्यू घर दिव्याला टायमर लावते, त्यामागचा विचार याच जातीचा.

कोकणच्या तेल्याला ही सवलत कळली असती तरी उपयोग नव्हता. त्याचा घाणा बैल ओढी, आणि बैल आपोआप चालत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात विसाव्याच्या आज्ञेत दासदासींबरोबर बैल आणि गाढव यांचाही नावानिशी उल्लेख आहे. आपल्या भाषेत ‘घाण्याचा बैल’ म्हणजे कधीच न सुटणारा जीव. इथे मात्र तो दर आठवड्याला सुटे. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी करून बैलाच्या मानेवरचे जू वर्षातून एकदा विसरायला लावतात. कोकणातल्या त्या मूठभर घरांत ते बावन्न वेळा होई. सादिगोऱ्याच्या दृष्टान्ताला खर्च नाही. याला एका दिवसाच्या तेलाचा खर्च आहे, म्हणून मी हाच अर्थ अधिक खरा मानतो.

अर्थात घाणा स्वतःचा होता, हे विसरून चालणार नाही. पुढे हे लोक मुंबईला आले, पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत शिरले, तेव्हा सुट्टी रविवारची होती आणि यंत्र दुसऱ्याचे. शनिवार पाळायचा तर पगार नाहीतर नोकरी पणाला लागे. बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांत गाळपाचा हंगाम रात्रंदिवस चालतो. तिथल्या पाळीच्या कामगाराला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. बेने इस्रायलांच्या मराठी लेखनाचा अभ्यास करणाऱ्यांनी मालिदा आणि एलियाहू हन्नाबी यांच्याइतकेच या हजेरीपटाकडेही पाहावे. तेल्याचा शनिवार कारकुनाच्या घरात कोणत्या रूपाने उरला, शुक्रवारच्या संध्याकाळच्या दिव्यापुरता की त्याहून अधिक, हे तिथेच कळेल.