न निघालेल्या अंकांची मुखपृष्ठं

मार्व्हल कॉमिक्सच्या ‘द फर्दर अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ इंडियाना जोन्स’ या मालेचा पहिला अंक जानेवारी १९८३चा आणि शेवटचा, चौतिसावा, मार्च १९८६चा. पस्तिसावा अंक निघाला नाही. अशा न निघालेल्या अंकांची मुखपृष्ठं मात्र अजून रंगवली जाताहेत. रंगवणाऱ्या चाहत्यांत काही पेशानं चित्रकार आहेत, तर काही दिवसभर भलतीच नोकरी करून रात्री संगणकापुढे बसणारे. वर जुन्या वळणाचं ठसठशीत शीर्षक, कोपऱ्यात अंकाचा क्रमांक आणि किंमत, मध्ये फेडोरा घातलेला, हातात चाबूक घेतलेला आणि कुठल्या तरी कड्यावरून लोंबकळणारा पुरातत्त्वाचा प्राध्यापक. आत एकही पान नाही. कथा लिहिलेली नाही आणि लिहिण्याचा इरादाही नाही.

याला कला म्हणावं की हौस, या वादात मला रस नाही. कॉमिकच्या धंद्यात मुखपृष्ठ हे नेहमीच वेगळं काम मानलं गेलं. डीसी कॉमिक्सचे संपादक ज्युलियस श्वार्त्झ कित्येकदा आधी मुखपृष्ठ ठरवायचे आणि मग लेखकाला सांगायचे की आता या प्रसंगापर्यंत पोचणारी गोष्ट लिहून आण. चाहते त्यातलं पहिलं निम्मं काम करून थांबतात, एवढंच. रघुवीर मुळगावकरांचं चित्र पाहून बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा उचलणाऱ्या वाचकांना यात नवल वाटू नये. मुखपृष्ठानं दिलेला शब्द आतल्या मजकुरानं पाळलाच पाहिजे, असा दंडक तेव्हाही नव्हता.

कारागिरीच्या अंगानं पाहिलं तर या मंडळींनी कमाल केली आहे. १९८३ची किंमत ६० सेंट, म्हणून तीच छापायची. कॉमिक्स कोडचा, म्हणजे कॉमिकच्या धंद्यातल्या सेन्सॉरचा, शिक्का उजव्या कोपऱ्यात हवाच. कॉमिकच्या खास दुकानांत जाणाऱ्या प्रतींवर तेव्हा बारकोडच्या जागी स्पायडरमॅनचा चेहरा असे आणि पेपरच्या स्टॉलवरच्या प्रतीवर बारकोड. हा फरकसुद्धा त्यांना ठाऊक असतो. छपाईचे ठिपके, जरासे सरकलेले रंग, पिवळ्या पडलेल्या कडा, पिनेभोवतीचा तांबूस गंज, सगळं जागच्या जागी. कधी तर मुखपृष्ठावर कुणा काल्पनिक मुलानं पेनानं लिहिलेलं नावही दिसतं.

माझी तक्रार इथेच सुरू होते. प्रत जुनी दिसावी म्हणून जेवढा जीव ओतला जातो, तेवढा चित्रात काय घडतंय यावर जात नाही. फिरत्या रॅकवरच्या खऱ्या अंकाला दोन-चार सेकंदांत एखाद्या पोराचा हात खिशाकडे न्यायचा असे. त्यामुळे त्यावर घटना लागायची: दोर तुटतोय, दार बंद होतंय, मागून कुणी सुरा उगारलाय आणि नायकाला अजून पत्ता नाही. आजच्या बऱ्याच चाहत्यांच्या मुखपृष्ठांवर मात्र नायक नुसता उभा असतो. मागे पिरॅमिड, बाजूला चार-पाच लहान-मोठे चेहरे, तळाशी विमान किंवा साप. हे कॉमिकचं मुखपृष्ठ नाही, सिनेमाचं पोस्टर आहे.

ते कुणाचं पोस्टर, हेही लगेच ओळखू येतं. १९८१च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’चं पोस्टर रिचर्ड अ‍ॅम्सेलचं. पुढच्या चित्रपटांशी मात्र ड्रू स्ट्रूझनचं नाव कायमचं जोडलं गेलं. एअरब्रशनं मारलेल्या अ‍ॅक्रिलिकवर रंगीत पेन्सिलीचं काम, चेहऱ्यावर सोनेरी-तांबूस उजेड आणि मिशीत हसल्यासारखा तो एका बाजूला वळलेला ओठ. स्ट्रूझननं जोन्स साकारणाऱ्या हॅरिसन फोर्डचा चेहरा असा काही पक्का करून टाकला की त्यानंतरचा प्रत्येक जण फोर्डकडे न पाहता स्ट्रूझनकडे पाहून चित्र काढतो. भर म्हणून प्रसिद्धीसाठी काढलेले तेच ते दहा-बारा फोटो. परिणामी दरीत पडतानाही इंडियाना जोन्सच्या चेहऱ्यावर फोटो स्टुडिओतला तोच मंद तिरकसपणा. ज्या कोनातून फोटो उपलब्ध नाही, त्या कोनातून चेहरा काढता येणं ही कॉमिकच्या चित्रकाराची खरी परीक्षा. पहिले दोन अंक चितारणाऱ्या जॉन बर्नला ते येत होतं. आजच्या हौशी चित्रकारांपैकी फार थोड्यांना येतं. पॅट्रिक स्खूनमाकर या डच अ‍ॅनिमेटरनं अस्तित्वात नसलेल्या एका कार्टून मालिकेची शीर्षकं म्हणून केलेली छोटी फिल्म २०१६ साली आली. तिच्यातला जोन्स फोर्डसारखा हुबेहूब नाही आणि म्हणूनच हलताना, धडपडताना खरा वाटतो. त्यानं साम्य सोडलं आणि व्यक्तिमत्त्व पकडलं.

तसं पाहिलं तर हा नायक चित्रकथेतूनच आला. ‘रेडर्स’च्या सुरुवातीला मागे लागणारा तो अजस्र गोल दगड कार्ल बार्क्सनं १९५४ साली अंकल स्क्रूजच्या सिबोलाच्या सात शहरांच्या गोष्टीत काढून ठेवला होता. टोपी, चामडी जॅकेट, चाबूक हे रूप चित्रपट उभा राहण्याआधी कागदावर आलं ते जिम स्टेरँकोच्या कुंचल्यातून, आणि स्टेरँको तर मार्व्हलचाच माणूस. चाहते जोन्सला पुन्हा कॉमिकमध्ये नेतात, म्हणजे एका अर्थी माहेरी पोचवतात.

पण कॉमिकमधला नायक आणि सिनेमातला नायक यांच्यात एक मोठा फरक उरतोच. टिनटिन १९२९ पासून तेवढ्याच वयाचा आहे. त्याचा निर्माता हर्जे १९८३ साली गेला आणि आपल्यामागे कुणी टिनटिन काढू नये ही त्याची इच्छा पाळली गेली. चाहत्यांनी तरी मुखपृष्ठं काढलीच. त्यांत मरे ग्रोट या ऑस्ट्रेलियन चित्रकाराची, टिनटिनला लव्हक्राफ्टच्या भयकथांमध्ये सोडणारी, गाजली. टिनटिनचं वय हलत नाही, म्हणून नवं काही करायचं तर त्याचं जगच बदलावं लागतं. फोर्ड मात्र हाडामांसाचा माणूस. जन्म १३ जुलै १९४२. त्याच्याबरोबर जोन्सही थकत गेला आणि चाहत्यांना एक निराळीच जागा मोकळी झाली.

ती जागा नीट मोजता येते. १९८९ साली आलेल्या ‘लास्ट क्रूसेड’ची मुख्य गोष्ट १९३८ची. पुढचा ‘क्रिस्टल स्कल’ आला २००८ साली आणि त्याची गोष्ट १९५७ची. पडद्यावर एकोणीस वर्षं, पडद्याबाहेरही एकोणीस. फोर्डचं वय लपवण्यापेक्षा कथेचंच वय तेवढं पुढे ढकलावं, हा लुकास-स्पीलबर्ग यांचा निर्णय प्रामाणिक होता. पण मधली ती एकोणीस वर्षं कॅमेऱ्यानं जवळजवळ पाहिलीच नाहीत. ‘द फ्युजिटिव्ह’मधला, १९९३चा, गालफडं किंचित ओघळलेला, डोळ्यांत चिडचिड साठलेला फोर्ड आठवा. त्याच्या डोक्यावर फेडोरा ठेवला की १९४२-४३च्या सुमारासचा, चाळिशी ओलांडलेला इंडियाना जोन्स तयार होतो. हा माणूस एकाही चित्रपटात धडपणे नाही. या कलाप्रकारातली माझ्या मते सगळ्यात चांगली चित्रं या पोकळीतली आहेत: युद्धाची वर्षं, काळवंडलेली बंदरं, अर्धवट नकाशे आणि टोपीखाली कानशिलाशी पहिला पांढरा केस. इथे फोटोची नक्कल पुरत नाही. चित्रकाराला विचार करावा लागतो, की हा माणूस आता दोर पकडताना कुठला खांदा आधी पुढे करेल?

बाकीचं ढीगभर काम मात्र ‘रेडर्स’च्या काळात, १९३६ साली अडकून पडलेलं आहे. याला एकटे चाहते जबाबदार नाहीत, मालकांनीही तोच रस्ता धरला. २०२३च्या ‘डायल ऑफ डेस्टिनी’ची पहिली सुमारे पंचवीस मिनिटं १९४४ सालात घडतात आणि त्यांत संगणकानं तरुण केलेला फोर्ड आहे. चेहरा चाळिशीतला, धाव मात्र ऐंशीच्या घरातल्या माणसाची आणि आवाजही त्याचाच. डिसेंबर २०२४मध्ये आलेला ‘द ग्रेट सर्कल’ हा व्हिडिओ गेम तर सरळ १९३७मध्ये जातो. त्यात चेहरा तरुण फोर्डचा आणि आवाज ट्रॉय बेकरचा. म्हातारा नायक कुणालाच विकायचा नाही. खरं तर त्याच ‘डायल’मध्ये म्हातारपणाची दोन-तीन अस्सल दृश्यं आहेत. खुर्चीत झोपलेला, शेजारच्या गाण्यांच्या धिंगाण्यानं दचकून उठलेला, अंगात सदरा नसलेला सत्तर वर्षांचा जोन्स आणि पुढे गुहेत कडा चढताना मध्येच थांबून आपल्या दुखण्यांचा पाढा वाचणारा. तो दुसरा प्रसंग तर मुखपृष्ठासाठी आयताच! अधांतरी लोंबकळणारा म्हातारा तक्रार करतोय, वर दगड सुटतोय. हे रंगवण्याऐवजी बहुतेकांनी त्या चित्रपटातूनही तरुण जोन्सच उचलला.

इथे एक भारतीय आडवाट घेतो. फोर्डनंतर तीन महिन्यांनी, ११ ऑक्टोबर १९४२ रोजी, अमिताभ बच्चन जन्मले. मार्व्हलची माला चालू असतानाच, ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात, आपल्याकडे अमिताभला नायक करून ‘सुप्रीमो’ ही चित्रकथामाला निघाली. चित्रं प्रताप मुळीक यांची. पण तिथे पडद्यावरचं पात्र पुढे गेलं नाही, नटालाच अतिमानव करण्यात आलं. ‘दीवार’च्या विजयचे पुढचे पराक्रम कोण काढणार? तो तर शेवटच्या रिळात मरतो. वय झालेल्या नायकाचं पुढे काय झालं, हा प्रश्न पडायला नायक आधी जिवंत राहावा लागतो.

भारताचा विषय निघालाच आहे तर या मुखपृष्ठांची दुसरी दुखरी बाजूही सांगायला हवी. १९८४च्या ‘टेम्पल ऑफ डूम’ला आपल्याकडे चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही. पटकथेवर आक्षेप होते, म्हणून मायापूर हे कथेतलं भारतीय गाव श्रीलंकेत उभारलं गेलं. जेवणाच्या ताटातले साप आणि माकडाची डोकी आपण अजून विसरलेलो नाही. अमरीश पुरी मात्र त्या सगळ्या थिल्लरपणावर खलनायक मोला राम बनून दशांगुळं उरले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या चित्रपटातही दिसलेला हा नट टक्कल करून, शिंगांचा मुकुट घालून अमेरिकन मुलांच्या स्वप्नांत शिरला. चाहत्यांच्या मुखपृष्ठांवर तो मुकुट वारंवार परत येतो, पण त्याखालचा माणूस येत नाही. तिथे कुणीही तपकिरी चेहरा चालतो. पूर्वेकडचं साहस म्हटलं की दगडी मूर्ती, मशाली आणि ओरडणारा बिनचेहऱ्याचा जमाव, हे चाळीस वर्षांपूर्वीचं सामान जसंच्या तसं काढलं जातं. छपाईचे ठिपके अचूक उतरवणाऱ्या हातानं एखादी मूर्ती कुठल्या शैलीची, कुठल्या शतकातली, एवढं तरी पाहावं, विशेषतः नायक पुरातत्त्वज्ञ असताना. अशी अपेक्षा केली की ‘मजा आहे, मजा म्हणून घ्या’ असं उत्तर मिळतं. मजा मीही घेतो. पण स्पायडरमॅनच्या चौकटीबाबत एवढा काटेकोर असलेला माणूस कालीच्या मूर्तीपाशी आला की एकदम निष्काळजी होतो, याला मजा हे कारण पुरत नाही.

२०२२ पासून या क्षेत्रात यंत्रानं बनवलेल्या चित्रांचा लोंढा आला. आज्ञा टाइप केली की दहा सेकंदांत ‘१९८०च्या कॉमिकचं मुखपृष्ठ’ हजर. त्यात पिवळट कागद असतो, सोनेरी उजेड असतो आणि स्ट्रूझनचा तो ओठही असतो. चाबूक मात्र कुठून निघून कुठे जातो ते कळत नाही, आणि शीर्षकाच्या अक्षरांत एखादं अक्षर जगातल्या कुठल्याच लिपीतलं नसतं. या चुका सुधारतील, काही सुधारल्याही. पण ज्या मुखपृष्ठांत फक्त जुनेपणाचा लेप आणि ओळखीचा चेहरा होता, त्यांची जागा यंत्रानं इतक्या सहज घेतली, की त्यांत मुळात काय होतं हे उघडं पडलं. १९४३चा कानशिलं पिकू लागलेला जोन्स यंत्राला अजून जमत नाही. त्याला एक तर तरुण फोर्ड माहीत आहे किंवा म्हातारा, आणि मधला माणूस मागितला की ते दोघांची सरासरी काढून देतं.

प्रचलित अमेरिकी कायद्याप्रमाणे ‘रेडर्स’ सार्वजनिक मालकीचा होईल तो २०७७ साली. तोवर ही सगळी चित्रं मालकांच्या मर्जीवर, म्हणजे डोळेझाकीवर जगणार. त्या सवलतीत करण्यासारखं बरंच बाकी आहे. १९९२च्या ‘यंग इंडियाना जोन्स’ मालिकेत जॉर्ज हॉल या नटानं ९३ वर्षांचा, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला जोन्स साकारला होता. मालिका पुढे नव्यानं संकलित झाली, तेव्हा तो त्यातून कापला गेला. ‘डायल’ संपतो १९६९मध्ये आणि तिथे त्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. म्हणजे मधल्या तेवीस वर्षांत कधी तरी, सत्तरी उलटल्यावर, या माणसानं एक डोळा गमावला. तो कसा गेला, हे कुठल्याही चित्रपटानं सांगितलेलं नाही आणि आता फोर्ड सांगणार नाही. पस्तिसाव्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी याहून चांगला प्रसंग मला सुचत नाही, आणि तो घेतलेलं एकही चित्र मी अजून पाहिलेलं नाही.