वाळूवर हलकी, तीच खरी

"काका, डिसेंबरात जैसलमेरला जायचंय. समच्या धोऱ्यांवर गाडी घालायचीय. जुनी विकतोय, आता कोणती फोर बाय फोर घेऊ?"

शेजारच्या मुलानं हे विचारलं तेव्हा आम्ही पुण्यात, बिबवेवाडीत, अप्परच्या चढावर, आमच्याच गल्लीत उभे होतो. धोरा म्हणजे वाळूची टेकडी, हा शब्द तो राजस्थानी मित्रांकडून उचलून आला होता. योगायोग असा की समोर तीन गाड्या ओळीनं लागल्या होत्या: फोर्स गुरखा, महिंद्रा थार आणि मारुती जिम्नी. त्याला म्हटलं, तुझं उत्तर याच ओळीत आहे. फक्त समोरून बघू नकोस, खाली वाक.

टायरच्या कडेवर आकडे उठवलेले असतात. जिम्नीवर लिहिलंय १९५/८० आर १५. म्हणजे टायरची रुंदी १९५ मिलिमीटर आणि रिमपासून जमिनीपर्यंतची भिंत त्याच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिलिमीटर. नव्या गुरख्यावर आणि थारवर २५५/६५ आर १८. गणित केलं तर भिंत १६६ मिलिमीटर येते. टायर बराच रुंद, पण भिंतीत फरक जेमतेम एक सेंटिमीटर. आता वजन बघा. जिम्नी बाराशे किलोच्या आसपास, गुरखा दोन टनांच्या घरात. इतकं वजन पेलायला जवळजवळ तेवढीच भिंत! वाळूवर गाडी तरणार की रुतणार, याचा निम्मा निकाल या दोन आकड्यांत लिहिलेला आहे, आणि विक्रेता तो कधी वाचून दाखवत नाही.

भिंतीला एवढं महत्त्व का, तर वाळूत टायरची हवा सोडावी लागते. रस्त्यावर ३० पीएसआय असेल तर वाळूवर १५ ते १८. हिशोब अगदी सोपा आहे. बाराशे किलोच्या गाडीच्या एका चाकावर साधारण ३०० किलो भार येतो. ३० पीएसआयला तो भार पेलायला टायर जेवढी जमीन धरतो, ती पोस्टकार्डापेक्षा थोडीशी मोठी. हवा १५ वर आणली की जागा दुप्पट होते. लाडू हाताखाली दाबून त्याची भाकरी करावी तसा टायर बसतो. लोकांना वाटतं तो रुंदीला पसरतो. खरं तर तो मुख्यतः लांबीला पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि वाळू उकरण्याऐवजी तिच्यावर पाऊल टाकत जातो. हे पसरणं भिंतीच्या उंचीतून येतं. गाडी जितकी जड, तितकी भिंतीला जास्त लवावं लागतं. फार हवा सोडली आणि जोरात वळलात, तर टायर रिमवरून उतरतो. हलक्या गाडीला हे सगळं सोसायला वाव असतो, जडला कमी.

हे शहाणपण जुनं आहे. राल्फ बॅगनोल्ड हा ब्रिटिश लष्करातला अभियंता. इजिप्तमध्ये असताना, १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून, तो फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरायला लागला. त्या गाड्यांना चारचाकी ताकद नव्हती, फक्त मागची दोन चाकं ओढायची. तरी हवा कमी करून, चाकांखाली पत्र्याच्या पट्ट्या टाकून त्यानं तिथले वाळूचे महासागर ओलांडले. पुढे वाळूच्या हालचालीवर त्यानं लिहिलेला ग्रंथ १९४१ साली आला आणि आजही तो त्या विषयाचा पाया मानतात. त्यानंच १९४० मध्ये लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही तुकडी उभी केली. या तुकडीच्या गाड्यांचा इतिहास मला फार आवडतो. आधी शेवर्ले ट्रक होते, दोन चाकांच्या ओढीचे. मग फोर बाय फोर फोर्ड मिळाले. ते जड होते आणि पेट्रोल बेसुमार प्यायचे. १९४२ मध्ये तुकडी पुन्हा दोन चाकांच्या शेवर्लेवर आली. ज्यांचा जीव गाडीवर अवलंबून होता, त्यांनी केलेली ही निवड आहे. चारही चाकं फिरणं ही वाळूत मोठी सोय, पण ती वजनाच्या बदल्यात मिळत असेल तर सौदा तपासून घ्यावा.

आता गुरख्याखाली वाका. ही आपल्या पुण्याची गाडी. आकुर्डीची फोर्स मोटर्स म्हणजे फिरोदियांची १९५८ सालची बजाज टेम्पो, जिच्यामुळे मराठीत छोट्या मालगाडीला टेम्पो हाच शब्द पडला. गुरख्याच्या पोटाखाली पाहताना मला खरंच आनंद होतो. मागे अखंड, जाड ॲक्सल, दोन्हीकडे कॉइल स्प्रिंग, आणि दोन्ही डिफरन्शियल चालकाला स्वतःहून लॉक करता येतात. कंपनीतून अशी येणारी गाडी भारतात विरळाच. मूळच्या मर्सिडीज घराण्यातलं २.६ लिटरचं डिझेल इंजिन २०२४ मध्ये १४० अश्वशक्तीवर आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्कवर गेलं. छताशी भिडलेला स्नॉर्कल ७०० मिलिमीटर पाण्यासाठी म्हणून सांगतात, पण ताफ्यात पुढच्या गाडीनं उडवलेल्या धुळीच्या वरची हवा तो ओढतो, हा वाळवंटातला फायदा. २०२५ मध्ये संरक्षण दलांनी २,९७८ गुरखांची मागणी नोंदवली, त्यात मला आश्चर्य वाटलं नाही.

पण डिफरन्शियल लॉक नेमका कधी उपयोगी पडतो? एक चाक हवेत किंवा निसरड्यावर आणि दुसरं घट्ट जमिनीवर, अशा वेळी. आपल्या मावळात, पावसाळ्यात, चिखलाच्या चाकोरीत एक चाक अधांतरी गेलं की लॉक लावावा आणि गाडी शांतपणे चढावी, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यासारखं सुख नाही. वाळूत मात्र चारही चाकं सारखीच रुततात. पुढचा लॉक लावला तर स्टिअरिंग जड होतं आणि गाडी सरळच जाऊ बघते. म्हणजे गुरख्याचा सगळ्यात मोठा गुण सह्याद्रीसाठी घडलाय. तिथं तिला तोड नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. धोऱ्यावर तिला आपलं वजन वाहत चढावं लागतं. टनामागे तिच्याकडे ७० च्या आसपास अश्वशक्ती येते. जिम्नीचं इंजिन १.५ लिटरचं, १०५ अश्वशक्तीचं. तरी टनामागे ८७ च्या घरात.

थारबद्दल थोडक्यात. नाव वाळवंटाचं, जन्म नाशिकचा. दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनाची १५० अश्वशक्ती आणि ऑटोमॅटिक गिअर ही जोडी वाळूत फार गोड चालते, कारण गिअर बदलताना ओढ तुटत नाही. मॅन्युअलमध्ये क्लच दाबण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात वाळू गाडीला धरते. २,४५० मिलिमीटरचा आखूड व्हीलबेस आणि २२६ मिलिमीटरची उंची, म्हणून धोऱ्याच्या शेंड्यावर पोट टेकायची भीतीही कमी. ज्याच्याकडे पेट्रोल ऑटोमॅटिक थार आधीच आहे, त्यानं दुसरी गाडी शोधू नये.

पोट टेकण्याच्या बाबतीत जिम्नीला मी सूट देणार नाही. पाच दारांची करताना व्हीलबेस २,५९० वर गेला आणि मधल्या पोटाचा कोन २४ अंशांवर आला. थारचा त्याहून दोन-तीन अंश जास्त. तीन दारांची जिम्नी गुरुग्रामला बनते आणि परदेशी जाते, आपल्याला मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. टॉर्कही १३४ न्यूटन-मीटरच, त्यामुळे इंजिन वरच्या फेऱ्यांवर ठेवावं लागतं. पण तिची चासी, लो रेंज, पुढचा-मागचा अखंड ॲक्सल, सगळं मारुतीच्याच जिप्सीच्या घराण्यातलं आहे. १९८५च्या डिसेंबरात आलेली जिप्सी टनाच्या आतबाहेर होती, पाटे कडक, आत बसणाऱ्याचे हाल. तरी लष्करानं ती राजस्थानात वर्षानुवर्षं वापरली. रुतली तर चार जवान ढकलून काढायचे.

हे ढकलून काढणं काय असतं, ते मी जैसलमेरकडच्या खुडीजवळ शिकलो. मित्राची मोठी, जड डिझेल गाडी होती, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. हवा सोडलेली नव्हती. शेंड्याच्या अलीकडे गाडी थांबली, मित्रानं ॲक्सिलरेटर दाबला आणि तीन सेकंदांत मागची चाकं ॲक्सलपर्यंत आत गेली. गाडी पोटावर बसली. जॅक लावला तर जॅकच वाळूत शिरायला लागला. शेवटी जवळच्या ढाणीतून, म्हणजे वस्तीतून, एका आजोबांनी लाकडी फळी आणून दिली, ती जॅकखाली घातली, चाकं उचलली, खाली वाळू भरली, हवा १४ वर आणली, आणि पहिल्याच प्रयत्नात गाडी मागे निघाली. दुपार गेली होती. तेव्हापासून माझ्या डिकीत दीड फुटाची एक जाड फळी कायम असते. फावडं, हवेचा मीटर, छोटा कॉम्प्रेसर आणि टोचनासाठी ताणणारा दोर यांच्या शेजारी.

मग जड गाड्या वाळवंटात चालतच नाहीत का? चालतात. पुण्याचे रॅलीपटू संजय टकले २०२५च्या जानेवारीत सौदी अरेबियात डाकार क्लासिकला उतरले ते टोयोटा लँड क्रूझर घेऊन, आणि ती काही हलकी गाडी नाही. पण तिथं दिवसाला शेकडो किलोमीटर जायचं असतं, इंधन, पाणी, सुटे भाग सगळं सोबत लागतं, आणि रात्री मुक्कामाला मेकॅनिकांचा ताफा असतो. वजनाला तिथं कारण आहे. आपण दोघं-तिघं, दोन दिवसांची पिशवी घेऊन निघणार. आपल्याला ते वजन कशाला?

म्हणून त्या मुलाला सांगितलं ते इथंही लिहितो. वाळूसाठीच गाडी घ्यायची तर जिम्नी घे, ऑटोमॅटिक घे, आणि वर लोखंडी बंपर, छतावरचा कॅरिअर, भल्या जाड टायरांचा संच असं काही चढवू नकोस. नाना पेठेत सगळं मिळतं आणि त्यातला प्रत्येक किलो तुला धोऱ्यावर वाहावा लागतो. वर्षातले दहा महिने सह्याद्रीत फिरायचं असेल तर डोळे मिटून गुरखा घे, आणि वाळूत नेताना हवा आणखी कमी कर, पहाटे जा. रात्रीच्या गारव्यानं वाळू घट्ट असते, अकरानंतर ती मोकळी होते. धोरा सरळ चढायचा, तिरका नाही. शेंड्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. पलीकडची घसरती बाजू ३३ अंशांच्या आसपास असते, तिथं सरळ उतरायचं, ब्रेक नुसता स्पर्श केल्यासारखा लावायचा. थांबायचं तर उतारावर तोंड करून. सोबत दुसरी गाडी हवीच, आणि हद्द ठाऊक असलेला तिथला माणूसही, कारण समच्या लगत डेझर्ट नॅशनल पार्क आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ज्या माळढोक पक्ष्याला आपण जवळजवळ गमावलं, त्याचं शेवटचं मोठं घर तेच.

त्यानं आणखी एक विचारलं: सरावाला दापोलीकडे, समुद्रावर गाडी घालू का? अनेक जण घालतात, आणि भरतीत अडकलेल्या गाड्या टोचन करून ओढताना आपण पाहतो. तिथं मात्र माझं उत्तर ठाम आहे. वेळास, आंजर्ल्याच्या पुळणीत नोव्हेंबर ते मार्च समुद्री कासवं अंडी घालतात, वाळूच्या दीड-दोन फूट खाली. वरून गेलेलं चाक घरट्याची वाळू दाबून टाकतं, आणि चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. सराव करायचा तर मोकळ्या, परवानगीच्या ऑफरोड ट्रॅकवर करा. धोरे हवेत तर अकराशे-बाराशे किलोमीटर गाडी चालवत जैसलमेरला जा. कोकणातल्या पुळणीवर चाक घालू नका.