लिचीवरचा ठपका आणि न झालेले जेवण

वैद्यकातील कोड्यात टाकणाऱ्या घटना वर्गात सांगितल्या की विद्यार्थी कान टवकारून ऐकतात. रोग कोणता, तो आला कुठून, डॉक्टरांना धागा कसा सापडला, हे सारे एखाद्या रहस्यकथेसारखेच असते. अडचण एवढीच, की रहस्यकथेत शेवटी एकच गुन्हेगार पकडला जातो. त्यामुळे खऱ्या घटना सांगतानाही आपण एकच गुन्हेगार शोधू लागतो. बिहारमधील मुजफ्फरपूरच्या लिचीच्या बाबतीत नेमके हेच झाले.

जानेवारी २०१७ च्या अखेरीस ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आकाश श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र यांनी २०१४ च्या उन्हाळ्यात मिळून केलेल्या तपासाचा तो अहवाल होता. पाठोपाठ ‘लिची खाल्ल्याने मुले दगावतात’ अशा अर्थाच्या बातम्या देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकल्या. निबंध काय म्हणतो, तो कुठे अपुरा पडतो आणि मथळ्यापर्यंत पोहोचता पोहोचता त्यातले काय गळाले, हे आम्ही येथे तपासणार आहोत.

कोडे काय होते?

मुजफ्फरपूर आणि आसपासच्या भागात १९९५ पासून एका आजाराची नोंद होत होती. मे-जूनमध्ये, लिची पिकण्याच्या दिवसांत, रात्री चांगले असलेले मूल पहाटे झटके येऊन जागे होई आणि बेशुद्ध पडे. पावसाळा सुरू झाला की साथ ओसरे. झटक्यांवरून लोकांनी त्याला ‘चमकी बुखार’ हे नाव दिले. सरकारी नोंदीत तो ‘ॲक्युट एन्सेफलायटिस सिंड्रोम’ या सदरात जाई.

या दोन्ही नावांनी दिशाभूल केली. ‘बुखार’ म्हणजे ताप; पण अनेक मुलांना रुग्णालयात आणले तेव्हा ताप नव्हता. ‘एन्सेफलायटिस’ म्हणजे मेंदूचा दाह. पण पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात बहुतेक मुलांच्या बाबतीत दाहाची खूण, म्हणजे वाढलेल्या पांढऱ्या पेशी, दिसत नव्हती. तरीही शोध प्रामुख्याने विषाणूंचा झाला. जपानी मेंदूज्वरापासून उष्माघातापर्यंत अनेक तर्क लढवले गेले. नावातच उत्तर गृहीत धरले की प्रश्न विचारायचा राहून जातो.

हे काही एकाच ठिकाणी घडले नाही. पश्चिम उत्तर प्रदेशातही मुलांच्या मृत्यूची एक वार्षिक साथ बरीच वर्षे विषाणुजन्य मेंदूज्वर समजली जात होती. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांनी तिचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी असल्याचे दाखवले. आपल्याकडेही पडीक जमिनीत आणि रस्त्याच्या कडेला ही वनस्पती उगवते.

तुलनेचे गणित

२०१४ मध्ये २६ मे ते १७ जुलै या काळात मुजफ्फरपूरच्या दोन रुग्णालयांत या आजाराची ३९० मुले दाखल झाली. त्यांतील १२२, म्हणजे ३१ टक्के मुले दगावली. संशोधकांनी १०४ रुग्ण मुले निवडली आणि त्याच वयोगटातील, पण वेगळ्या आजारांसाठी दाखल झालेली १०४ मुले तुलनेसाठी घेतली. दोन्ही गटांच्या पालकांना सारखेच प्रश्न विचारले.

‘आजारी मुलांनी लिची खाल्ली होती’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. हंगामात तिथे सगळीच मुले लिची खातात. प्रश्न असा हवा: आजारी मुलांनी इतरांपेक्षा अधिक प्रमाणात खाल्ली होती का? जोड्या लावून हे कसे पाहतात, ते एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एक रुग्ण आणि एक बिनरुग्ण अशा दहा जोड्या आहेत. चार जोड्यांत दोघांनीही लिची खाल्ली. या जोड्या आपल्याला काहीच सांगत नाहीत. पाच जोड्यांत रुग्णाने खाल्ली, जोडीदाराने नाही. एका जोडीत याच्या उलट झाले. आता पाच भागिले एक, म्हणजे गुणोत्तर ५. यालाच ‘ऑड्स रेशो’ म्हणतात. गुणोत्तर १ आले तर संबंध नाही. १ पेक्षा जितके मोठे, तितका संबंध दाट.

मुजफ्फरपूरच्या अभ्यासात, आजारापूर्वीच्या २४ तासांत लिची खाण्यासाठी हे गुणोत्तर ९.६ आले. आदल्या संध्याकाळचे जेवण न होण्यासाठी ते २.२ आले. पुढे संशोधकांनी दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या. जेवण न झालेल्या मुलांमध्ये लिची आणि आजार यांचे गुणोत्तर ७.८ होते, तर जेवण झालेल्यांमध्ये ३.६. (हिशोबाची पद्धत वेगळी असल्याने हे दोन आकडे ९.६ शी थेट ताडून पाहू नयेत.) थोडक्यात, लिची एकटी काम करत नव्हती, रिकाम्या पोटाची तिला साथ होती.

रसायनाची साक्ष

आकडे संबंध दाखवतात. तो कसा घडतो हे सांगायला शरीरशास्त्र लागते. रात्रभर उपाशी असलेल्या लहान मुलाच्या यकृतातील साखरेचा साठा लवकर संपतो. मग शरीर चरबी जाळू लागते आणि त्या ऊर्जेवर यकृत नवी साखर तयार करते. लिचीतील हायपोग्लायसिन-ए आणि एमसीपीजी ही दोन संयुगे नेमके चरबी जाळण्याचे काम रोखतात. साठा संपलेला आणि नवी साखर बनवण्याची वाट बंद. रक्तातील साखर झपाट्याने उतरते आणि मेंदूची उपासमार होते. पहाटेच झटके का, याचे उत्तर येथे मिळते. जेवलेल्या मुलाच्या यकृतात सकाळपर्यंत पुरेल एवढा साठा असतो, म्हणून तो बराचसा वाचतो.

पुरावेही जुळले. दाखल होताना साखर तपासलेल्या ३२७ मुलांपैकी २०४ मुलांच्या रक्तात ती १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी होती. लघवी तपासलेल्या ७३ रुग्णांपैकी ४८ जणांत या संयुगांचे अवशेष सापडले; तुलनेच्या १५ मुलांपैकी एकातही नाही. जंतू आणि कीटकनाशके यांच्या चाचण्यांतून काही निघाले नाही.

यातले बरेचसे ज्ञान नवे नव्हते. लिची आणि जमैकातील ॲकी ही दोन्ही फळे रिठ्याच्या कुळातील. कच्ची ॲकी खाऊन होणारा ओकाऱ्यांचा आणि झटक्यांचा आजार तिथे जुना आहे. हायपोग्लायसिन त्या फळातून १९५० च्या दशकात वेगळे काढले गेले होते. लिचीच्या बीत एमसीपीजी असल्याचे १९६२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. मुजफ्फरपूरच्या संदर्भात हा धागा जेकब जॉन आणि लखनौचे विषशास्त्रज्ञ मुकुल दास यांनी २०१४ मध्ये मांडला, आणि लिचीच्या गरातही एमसीपीजी असल्याचे २०१५ मध्ये दाखवले. २०१७ च्या निबंधानंतर श्रेयावरून वाद झाला तो यामुळे. त्या वादात न शिरता एवढेच म्हणतो, की वनस्पतिरसायनाच्या नियतकालिकातील माहिती बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर पोहोचायला पन्नास वर्षे लागली, आणि ही किंमत मुलांनी मोजली.

आमचे आक्षेप

निबंध मोलाचा आहे. रुग्णालय, घर आणि प्रयोगशाळा या तिन्ही ठिकाणचा पुरावा त्याने एका सूत्रात ओवला. तरीही काही प्रश्न उरतात.

पहिला तुलनेच्या गटाचा. ही मुलेही रुग्णालयातलीच होती. दुसऱ्या आजाराने अंथरुणावर असलेले मूल बागेत जाऊन लिची कमीच खाणार. त्यामुळे लिचीचे गुणोत्तर फुगलेले असू शकते. तसेच आजारी मूल जेवणही टाळते. म्हणजे जेवणाचे २.२ हे गुणोत्तर प्रत्यक्षाहून कमी दिसत असेल. एकाच निवडीने दोन आकडे दोन विरुद्ध दिशांना ओढले जाऊ शकतात, हे वाचकाने लक्षात ठेवायला हवे.

दुसरा आठवणीचा. मूल बेशुद्ध पडले असताना आई-वडील आदल्या दिवसाचा क्षण न् क्षण आठवतात. दुसऱ्या किरकोळ आजारासाठी आलेले पालक तेवढे आठवत नाहीत. त्यात लिचीबद्दल संशयाची कुजबुज असेल तर उत्तरे आणखी झुकतात.

तिसरा आकड्यांच्या पल्ल्याचा. ७.८ या गुणोत्तराचा पल्ला ३.३ ते १८.८ आहे, तर ३.६ चा पल्ला १.१ ते ११.१. नमुना लहान असल्याने खरा आकडा या पल्ल्यात कुठेही असू शकतो, असा त्याचा अर्थ. दोन्ही पल्ले एकमेकांवर बरेच चढतात. तेव्हा ‘जेवल्यावर लिचीचा धोका निम्म्यावर येतो’ असे छातीठोक विधान या आकड्यांवरून करता येणार नाही. शरीरशास्त्राचा आधार आहे म्हणून ते पटते, इतकेच.

चौथा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आक्षेप ‘जेवण झाले नाही’ या रकान्याचा. जेवण का झाले नाही? दिवसभर बागेत लिची खाऊन पोट भरलेले मूल घरी येऊन जेवत नाही, असे निबंधातच नोंदवले आहे. पण चुलीवर काही शिजलेच नाही म्हणून झोपलेले मूलही त्याच रकान्यात जाते. आकड्यांना दोन्ही सारखीच. उपाय मात्र वेगळे. पहिल्या घरी सूचना पुरेल. दुसऱ्या घरी धान्य पोहोचायला हवे. ‘मुलाला रात्री जेवू घाला’ हा सल्ला रिकाम्या डब्याच्या घरात सल्ला राहत नाही, बोल लावणे होते.

मृत्यूच्या प्रमाणाबाबतही सावध असावे. २०१३ मध्ये तपासातील १३३ मुलांपैकी ४४ टक्के दगावली होती. २०१४ मध्ये ३१ टक्के. साखर त्वरित देण्यावर भर दिल्याचा हा परिणाम असू शकतो. पण दोन वर्षांत इतरही बरेच बदलते. आधी-नंतरची नुसती तुलना पुरावा ठरत नाही.

मथळ्यात काय हरवले

निबंधात शिफारशी तीन होत्या: लिची कमी खावी, संध्याकाळचे जेवण चुकू नये, आणि संशयित रुग्णाला तातडीने साखर द्यावी. मथळ्यात पहिली तेवढी पोहोचली. जून २०१९ मध्ये मुजफ्फरपूरला शंभराहून अधिक मुले दगावली, तेव्हा हेच पुन्हा घडले. लिचीचा खप घटला. ओडिशा सरकारने बाजारातील लिची तपासण्याचे आदेश दिले. शहरातला ग्राहक फळवाल्याकडे लिची घ्यावी की नाही याचा विचार करत राहिला. त्याच्या पोटभर जेवलेल्या मुलाला मूठभर लिचीपासून जवळजवळ काहीच भीती नव्हती. ज्या मुलाला होती, त्याच्या गावात साखर मोजायचे यंत्र आणि ग्लुकोजची बाटली आहे का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

उलट बाजूची घाईही तितकीच चुकीची. बागायतदार म्हणाले, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लिची खातो, ती निर्दोष आहे. पण ९.६ हे गुणोत्तर ‘लिची खाणारे किती टक्के आजारी पडतात’ हे सांगतच नाही, कारण अभ्यासाची सुरुवात आजारी मुलांपासून झाली होती. लाखो लोक खातात आणि सुखरूप राहतात, ही गोष्ट त्या आकड्याला खोटे पाडत नाही. शिवाय बांगलादेशात दिनाजपूरजवळ २०१२ मध्ये १४ मुले आजारी पडून १३ दगावली, तेव्हा तिथल्या संशोधकांनी बागांतील कीटकनाशकांकडे बोट दाखवले. फळ तेच, लक्षणे मिळतीजुळती, निष्कर्ष निराळा. एका जागेचे उत्तर दुसरीकडे न तपासता चिकटवू नये.

वर्गासाठी

आठवी-नववीच्या वर्गात वर दिलेल्या दहा जोड्या चिठ्ठ्यांनी सहज मांडता येतील. मुलांनाच जोड्या लावू द्याव्यात, गुणोत्तर काढू द्यावे, आणि मग विचारावे: या दोन मुलांपैकी एक तापाने झोपून असते तर? त्यानंतर आरोग्याची कोणतीही ताजी बातमी घेऊन चार प्रश्न फळ्यावर लिहावेत. तुलना कोणाशी केली? माहिती आठवणीतून आली की मोजून? कारण एक आहे की अनेक मिळून? आणि त्यांतले कोणते कारण आपल्याला उद्यापासून दूर करता येईल?

चौथा प्रश्न वगळू नये. मुजफ्फरपूरच्या मुलांच्या आजारात झाडावरची लिची, शरीरातली रसायने आणि रात्रीची उपाशी झोप या सगळ्यांचा वाटा होता. यांतले झाड तोडता येत नाही, रसायन बदलता येत नाही. रात्रीचे जेवण मात्र देता येते.