टाइम-लॅप्समध्ये न मावणारी फरशी

बाथरूमची फरशी स्वतः कशी बसवायची, हे दाखवणारे व्हिडिओ ज्यांनी दोन-चार रात्री सलग पाहिलेत, त्यांना त्यांची गोष्ट पाठ झाली असेल. आधी जुनं बाथरूम. पिवळट टाइल, काळे पडलेले सांधे, मागे रडका पियानो. मग तोडफोड. मग जमिनीवर काहीतरी राखाडी थापलं जातं आणि दहा सेकंदांत वाळतं. पहिली टाइल बसली की संगीत बदलतं. शेवटी ओल्या स्पंजने ग्राउट पुसला जातो, सगळं चमकतं, आणि जोडप्यातली बायको डोळ्यांवरचे हात काढून ‘ओ माय गॉड’ म्हणते.

मला हे व्हिडिओ आवडतात. मागच्या वर्षी नागपुरातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चार बाय सहा फुटांच्या बाथरूमची फरशी मी स्वतः बसवली. दातेरी थापी कशी धरायची, स्पेसर कधी काढायचे, हे यांच्याकडूनच शिकलो. तरीही, किंवा त्यामुळेच, या प्रकाराकडे एक कथाप्रकार म्हणून पाहिलं तर त्यात मोठी खोट दिसते. यांनी नायकच चुकीचा निवडलाय. कॅमेरा टाइलवरून हटत नाही आणि बाथरूमची गोष्ट घडते टाइलच्या खाली.

टाइल पाणी अडवत नाही, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही विचित्र वाटलं होतं. पोर्सेलिन टाइल स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही. ते नाव लावायला तिची शोषणक्षमता ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असावी लागते. पण दोन टाइलमधला सिमेंटचा ग्राउट पाणी पितो. त्यातून मुरलेलं पाणी अडवतो तो खालचा वॉटरप्रूफिंगचा थर, आणि वर सांडलेलं पाणी वाहून नेतो तो उतार. बरं, टाइलची ही न पिण्याची सवय आणखी एका ठिकाणी नडते. साधा सिमेंटचा घोळ तिला नीट धरत नाही, म्हणून ॲडहेसिव्ह आलं. भिंतीच्या जुन्या सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून जास्त पाणी प्यायच्या, म्हणून मिस्त्री लोक त्या आधी बादलीत भिजत घालायचे. आजही काही जण सवयीने व्हिट्रिफाइड टाइल भिजत घालतात. बिचारी टाइल बादलीत नुसती बसून राहते.

तर थर आणि उतार. टाइल बसली की दोन्ही झाकले जातात आणि पुन्हा दिसतात ते फक्त बिघडल्यावर, तेही बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरच्या लोकांना. व्हिडिओ हे दिसण्याचं माध्यम. त्यात जे झाकलं जाणार आहे त्याला वेळ कोण देणार? थराला दहा सेकंद मिळतात आणि टाइलचा रंग निवडायला चार मिनिटं.

दुसरी खोट जागेची आहे. हे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले, आणि त्यांतली खोली आपली नसते. तिथे काचेच्या दाराआड शॉवरचा चौकोन असतो. उतार त्या चौकोनापुरता, फुटामागे पाव इंच. बाहेरची जमीन कोरडी, तिच्यावर पायपुसणं नव्हे, चक्क छोटा गालिचा. आपल्याकडे अख्खी खोलीच शॉवर. बादली उपडी होते, कपडे आपटले जातात, सणासुदीला पितळेची भांडी तिथेच घासली जातात, आणि उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याच्या ताट्या तिथेच धुतल्या जातात. पाणी कोणत्याही कोपऱ्यातून येऊ शकतं आणि त्याला जायला एकच जाळी. त्या जाळीखालच्या भागाला इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात. आपल्या न्हाणीचा शब्द पाठ्यपुस्तकात गेला, पण न्हाणी काही व्हिडिओत आली नाही.

याचा परिणाम थेट हातावर येतो. फुटामागे पाव इंच धरला तर सहा फुटांत दीड इंचाचा उतार. म्हणजे दाराशी फरशी दीड इंच वर. मग उंबरठा पुरतो का, दार घासतं का, हे टाइल विकत घेण्याआधी पाहावं लागतं. आणि दुकानात ज्यांच्यासमोर सगळे फोटो काढतात त्या दोन बाय चार फुटांच्या टाइल चारी बाजूंनी एका जाळीकडे वळवता येत नाहीत. टाइल वाकत नाही. एकतर तिरप्या रेषेत कापावी लागते किंवा लहान टाइल घ्यावी लागते. मी एक बाय एकची घेतली. फोटोत ती साधीच दिसते.

निसरडेपणाचंही तसंच. टाइलच्या खोक्यावर ‘आर १०’, ‘आर ११’ लिहिलेलं असतं आणि व्हिडिओवाले ते मंत्रासारखं म्हणतात. ती जर्मन चाचणी आहे. तेल ओतलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालतो आणि तो कोणत्या कोनावर घसरतो ते मोजतात. अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी यांची चाचणी वेगळी असते, तिच्या श्रेणी ए, बी, सी अशा. आपण न्हाणीत बूट घालून जात नाही, पण दुकानदाराला ही दुसरी श्रेणी विचारली तर तो चहा मागवतो.

आणि ऊन. ॲडहेसिव्ह पसरल्यावर टाइल टेकवायला किती मिनिटं मिळतात, त्याचा आकडा ठरतो प्रयोगशाळेत, २३ अंश तापमानाला. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास फिरतो. बाथरूम सावलीत असलं तरी लेपावर साय धरायला तेवढा वेळ लागत नाही. बोट लावून पाहायचं. बोटाला लागलं नाही तर खरवडून टाकायचं. मी एका वेळी दोनच टाइलपुरतं पसरत होतो. त्या गतीचा व्हिडिओ कोणी पाहणार नाही, हे मान्य.

पण एक प्रसंग पाहण्यासारखा असतो आणि तोच कुठे दिसत नाही. थर वाळल्यावर, टाइल बसवण्याआधी, जाळीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं. चोवीस तास. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने आखून ठेवायची. मग खालच्या काकूंकडे जायचं, “काकू, जरा तुमच्या बाथरूमचं छत पाहू का?” म्हणायचं आणि टॉर्च मारायचा. मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा काकूंनी पोह्यांची प्लेट हातात दिली आणि म्हणाल्या, “आता बस झालं, कोरडं आहे न बाप्पा.” सगळ्या कामात खरा ताण असलेला वेळ हाच. यात नायक आहे, खलनायक आहे, शेजारी आहेत. नुसतं चमकणारं काही नाही.

आता ‘स्वतः’ या शब्दाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त तोच खटकतो. अमेरिकेत मजुरी महाग, म्हणून माणूस स्वतः थापी उचलतो. चोवीस चौरस फुटांसाठी आपल्याकडे हा हिशेब उलटा बसतो. कटर, थापी, लेव्हल, क्लिपा यांची किंमत मिस्त्रीच्या मजुरीच्या पुढे जाते. मग आपण हे का करतो? हौस म्हणून. हौस वाईट नाही. अनिल अवचटांनी ‘छंदांविषयी’ हे पुस्तक लिहिलं, आणि हमालांवर, निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवरही लिहिलं. हातांकडे पाहायची त्यांची नजर दोन्हीकडे तीच आहे, पण दुसऱ्याची रोजी म्हणजे आपला छंद, अशी सरमिसळ त्यांनी केली नाही. व्हिडिओ नेमकी तीच करतो आणि वर विचारतो, मिस्त्री कशाला हवा?

शिवाय आपल्याकडे ‘स्वतःची फरशी स्वतः’ ही गोष्ट नवी कुठे आहे? माझी आजी गावच्या घराची जमीन दर आठवड्याला शेणाने सारवायची. पाण्याचा उतार कुठे हे तिच्या तळहाताला माहीत होतं. ते कुणी कौशल्य म्हणून मोजलं नाही. बाईचं काम, एवढंच. मग सिमेंट आलं, टाइल आली, काम मिस्त्रीकडे गेलं, तेव्हा ते ‘हलकं’ काम झालं. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीही वाटणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’त मांडलं होतं. आता तेच काम लॅपटॉपवाल्या मुलाच्या हातात आलं की सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे पडतात. मलाही पडले. आमच्या इमारतीतली उरलेली सगळी बाथरूमं ज्या मिस्त्रींनी केली, त्यांचं नाव ग्रुपवर एकालाही माहीत नव्हतं.

त्यांना मी काम सुरू करण्याआधी भेटलो होतो. टाइलचा फोटो दाखवला. त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “भाऊ, आधी पानी कोठी जाते ते पाहा. टाइल मंग.”

गंमत म्हणजे या एका वाक्याचे व्हिडिओ आहेत. मिस्त्री लोक स्वतःच काढतात, हिंदीत, कधी मराठीत. उभा फोन, धरणारा बिगारी, त्यामुळे चित्र हलतं. पियानो नाही, कटरचा आवाज. चेहरा क्वचित दिसतो, हात मात्र सतत. आधी-नंतर अशी रचना नाही. अख्खा व्हिडिओ एका जाळीभोवतीच्या चार कापांवर असतो. कथा म्हणून यांत काही नाही असं वाटेल, पण ज्याला उतार समजून घ्यायचाय त्याने हेच पाहावेत. एक मात्र सांगून ठेवतो: कोरडं कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीत यांच्यापैकी बहुतेकांच्या तोंडाला रुमालसुद्धा नसतो. तेवढ्या बाबतीत अमेरिकन व्हिडिओंतला मास्क आणि पाण्यावर चालणारा कटर उचला, आणि ओल्या जागेत वायर नेताना आरसीसीबी आहे ना ते पाहा.

अशा एका व्हिडिओच्या शेवटी मिस्त्री दारात उभा राहून मगभर पाणी ओततो आणि बिगारी फोन घेऊन त्या पाण्यामागे जाळीपर्यंत जातो. कोणी काही बोलत नाही. मग काळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत नंबर येतो: काम के लिए संपर्क करें.