पाहुणे लेखक आणि पटांगणातली मुले

15 ऑक्टोबर जवळ आला की कोल्हापुरातल्या बालसाहित्यिकांचे फोन वाजू लागतात. 2015 पासून डॉ. अब्दुल कलामांची जयंती राज्यभर वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते आणि त्या दिवशी शाळांना पाहुणा लेखक हवा असतो. लेखक जातो. पटांगणात मुले मांडी घालून बसलेली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ. माईक हाती येईपर्यंत मागच्या रांगा चुळबुळू लागलेल्या असतात. मग वाचनाच्या महत्त्वावर भाषण, आभार, सामूहिक फोटो. त्या लेखकाच्या पुस्तकातले एक पानही मुलांच्या कानावर पडत नाही. याला मी लेखकभेट म्हणायला तयार नाही.

गोष्ट घेऊन मुलांपर्यंत जाण्याची आपली परंपरा चांगली भक्कम आहे. साने गुरुजींच्या मागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामाला उभी केली आणि गोष्ट सांगणाऱ्यांची पिढी घडवली. आज शाळांत रंगणारे कथाकथन त्याच परंपरेतले. मात्र त्यात अभिनय आणि आवाजाची फेक वाढत गेली, पुस्तक मागे पडले. मुले पोट धरून हसतात, टाळ्या देतात. गोष्ट कुठल्या पुस्तकातली हे त्यांना कोणी सांगत नाही आणि ते पुस्तक शाळेच्या कपाटात असेलच असेही नाही. असले तरी कपाटाला कुलूप असते.

मुलांना लिहिते करण्याच्या बाबतीत तर आणखी उणे आहे. खरे म्हणजे कोल्हापूरने यात इतरांना वाट दाखवायला हवी. लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये याच शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलाच्या अनुभवाला अभ्यासाच्या मध्यभागी बसवले. माधुरी पुरंदरे यांचे ‘लिहावे नेटके’ हाताशी आहे. मुलांना न घाबरवता भाषेशी खेळायला लावणारे इतके नीट काम मराठीत दुसरे क्वचितच सापडेल. इतके असूनही बहुतेक वर्गांत अजून ‘मी पक्षी असतो तर’ हाच निबंध, तोही फळ्यावरून उतरवलेला.

शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत मी वेगळे पाहिले. 2021 च्या पुरानंतरचे वर्ष. भेटीला आलेल्या लेखकाने व्यासपीठ नाकारले आणि पाचवीच्या एकाच वर्गात सतरंजीवर बसून स्वतःच्या पुस्तकातली दोन पाने वाचली. मग विचारले, “पाणी आलं तवा घरातनं पयलं काय उचललासा?” सुरुवातीला सगळे गप्प. मग एक मुलगी म्हणाली, “आज्जीनं देव घेतलं, आईनं कागदं घेतली, मी कोंबडीची पिल्लं घेतली पाटीत.” त्यानंतर वर्ग आवरेना. कुणाची म्हैस जिना चढेना म्हणून घरच्यांनी मागून रेटलेली, कुणाचे दप्तर माळ्यावर राहून भिजलेले. लेखक म्हणाला, आता बोललात तसंच लिहा. वह्या भरल्या. पण बाई तांबडे पेन घेऊन फिरू लागल्या, ‘कागदं’ खोडून ‘कागदपत्रे’ झाली, आणि दोन-तीन पोरांनी वह्या मिटल्या. बाईंची काळजी मला समजते, परीक्षेत गुण त्यांच्याच मुलांचे जातात. तरी पहिल्या खर्ड्यावर तांबडी शाई नको, एवढे लेखकाने आधी ठरवून घ्यायला हवे होते.

2019 आणि 2021 असे दोन महापूर अनुभवलेल्या या तालुक्यातल्या मुलांकडे जे आहे ते पुण्या-मुंबईच्या लेखकाकडे नाही. राधानगरीच्या मुलाला गवा ठाऊक असतो, कागलच्या मुलीला गुऱ्हाळावरची काकवी. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच सलीम मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ या कादंबरीला 2019 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. हा लेखक वनखात्यात नोकरी करणारा. जंगलात वावरलेल्या माणसाचे पुस्तक दिल्लीपर्यंत पोचते, हे इथल्या शाळांमध्ये किती मुलांना ठाऊक असेल?

दोष एकट्या शाळांचा नाही. काही लेखक पुस्तकांचा गठ्ठा घेऊन जातात, तो खपला की निघतात. मुलांचे लेखन वाचायला थांबत नाहीत. आणि जे थांबतात त्यांना पेट्रोलचे पैसेही मिळत नाहीत. ब्रिटनमध्ये लेखकांची संघटना शाळाभेटीचे मानधन किती मागावे याचा सल्ला देते. आपल्याकडे पैशाचा विषय काढणारा लेखक हलका ठरतो, ही चुकीची लाज आहे.

1850 पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर कोल्हापुरात आहे, जिल्ह्यात गावोगावी ग्रंथालये आहेत. लेखक यायच्या पंधरवडाभर आधी त्याच्या पुस्तकांच्या प्रती त्यांनी वर्गात पोचवाव्यात. लेखकाने वर्षात चाळीस शाळांच्या पटांगणांत बोलण्याऐवजी चारच शाळा घ्याव्यात, एकेका वर्गात तीन-तीनदा जावे, मधल्या काळात मुलांनी लिहिलेले वाचून ठेवावे. मानधनाची सोय हार, शाली आणि फ्लेक्सच्या खर्चातून सुरू करता येईल.